गोव्यात बाळाची खोली सजवताय? आधी जुलै आठवा आणि या चुका टाळा

मी पहिल्यांदा बाळाची खोली केली ती डिचोलीजवळच्या एका जुन्या घरात. मार्च महिना होता आणि भिंती कोरड्या खणखणीत. घरातल्या सुनेला सातवा महिना लागलेला. तिने फोनमध्ये साठवून ठेवलेली चित्रं मी जशीच्या तशी खोलीत उतरवली: ढगांचा वॉलपेपर, फिकट राखाडी रंग, पायाखाली लोकरी गालिचा. फोटो झकास आले. जुलैत तिचा फोन आला. पश्चिमेच्या भिंतीवरचे ढग खालून सुटले होते आणि मागे काळ्या ठिपक्यांची रांग लागली होती. मी बघायला गेले तेव्हा घरातल्या आजी माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "गो बाय, ही वणत दर पावसांत रडटा."

भिंत रडते हे आजींना चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर मुलांच्या खोलीचं काम आलं की मी रंगांचं पुस्तक उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारते, "जुलैत या खोलीत काय होतं?" आपल्याकडे वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. खोली फोटोत कशी दिसते ते नोव्हेंबरात कळतं, ती राहायला कशी आहे ते जुलैत.

भिंतीला श्वास घेऊ न देणं

चिरा, म्हणजे आपला लाल जांभा दगड, सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ऊन मिळालं की सोडतो. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा होता तोवर हा व्यवहार सुरळीत चालत होता. आता त्याच भिंतीवर सिमेंट, पुट्टी आणि वर चकचकीत प्लास्टिक इमल्शन चढतं. आत गेलेल्या पाण्याला वाट राहत नाही, मग रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, पांढरी खार फुटते. त्यावर वॉलपेपर लावणं म्हणजे जखमेवर प्लास्टिक बांधण्यासारखं आहे.

भिंत ओली आहे की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दिवसभर सोडून द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे: छपराचा नळा (कौल), पन्हाळ, बाथरूमचा पाइप किंवा जमिनीतून वर चढणारं पाणी. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर भिंत निर्दोष आहे, खोलीतली हवाच दमट आणि कोंडलेली आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात गवंडी लागतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोन खिडक्या, पंखा आणि एसीचा ड्राय मोड एवढ्यावर भागतं. भिंतीचं दुखणं असताना डिह्युमिडिफायर आणणारे मी पाहिले आहेत. टाकी भरते, ओततात, पुन्हा भरते.

जुन्या चिऱ्याच्या भिंतीला मी आजही चुनाच सुचवते. चुना क्षारीय असल्यामुळे त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही आणि भिंतीचं पाणी अडत नाही. हाताला थोडी पांढरी भुकटी लागते, ही तक्रार खरी आहे. म्हणून मुलाच्या हाताच्या उंचीपर्यंत लाकडी पट्ट्या किंवा टाइल आणि वर चुना अशी वाटणी करते. पणजीत हाताने रंगवलेल्या, पोर्तुगीज धाटणीच्या अझुलेजू टाइल मिळतात. पाळण्यामागे त्यांची एक ओळ लावली तर वॉलपेपरची आठवण कुणाला होत नाही, शिवाय ओल्या फडक्याने पुसता येतात.

पश्चिमेच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवू नका. पावसाची झड तिकडूनच येते. आमच्या लहानपणी मातीच्या भिंतींना पावसाळ्यात बाहेरून चुडतं (माडाच्या झावळ्या) बांधायचे, ते शोभेसाठी नव्हतं. कपाट ठेवायचंच असेल तर मागे हवा खेळायला दोन-तीन इंच जागा सोडा, पण भिंतीला बांधायला विसरू नका. त्याबद्दल पुढे.

चवथीच्या रंगकामातच बाळाची खोली उरकणं

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घर रंगवायची आपली रीत. मग "रंगारी आलाच आहे तर ती खोलीही होऊन जाऊ दे" असं ठरतं. पण चवथ येते ऐन पावसात, तेव्हा भिंतीने दोन महिने पाणी प्यायलेलं असतं. तो रंग दिवाळीपर्यंत टिकला तरी नशीब समजा. बाळाची खोली दिवाळीनंतर काढा, मे उजाडायच्या आत संपवा आणि बाळ झोपायला येण्याआधी निदान तीन-चार आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वास जाऊ द्या. "लो व्हीओसी" (हवेत कमी रसायनं सोडणारा) लिहिलेला रंग घेतला म्हणून ही वाट बघणं चुकत नाही, कारण प्लायचा गोंद आणि पॉलिशही वास सोडतच असतात.

जुन्या घरात आणखी एक धोका आहे तो दारा-खिडक्यांच्या ऑइल पेंटचा. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं. सुताराने अशी खिडकी कोरडी घासली की ती धूळ जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतं. पाण्याने भिजवून घासायला सांगा, आणि त्या दिवसांत गरोदर बाई व मुलं त्या घरात नकोत.

नवजात बाळाला वेगळी खोली

धंद्याच्या विरुद्ध बोलते आहे, पण पहिले सहा महिने वेगळ्या खोलीची गरजच नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपावं असं सांगते. आपल्या आज्यांचा पहिला अर्धा सल्लाही तोच. बाळ जन्मायच्या आधी दीड-दोन लाख एका खोलीत ओतून पुढचे सहा महिने तिथे कपडे वाळत घालणारी घरं मला माहीत आहेत. तेव्हा आईच्या पलंगाशेजारी चार फुटांचा कोपरा नीट करा: पाळणा, मंद पिवळसर दिवा, लंगोटांची टोपली, आईला पाठ टेकायला खुर्ची. खोली सावकाश करा.

आता पाळण्याबद्दल, कारण फोटो आणि सुरक्षितता यांचं सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं. फोटोतला पाळणा उशा, झालरी, मऊ कठडे आणि सशा-अस्वलांनी भरलेला असतो. खरा पाळणा रिकामा हवा. घट्ट गादी, ताणून बसवलेली चादर, पाठीवर झोपलेलं बाळ, बस. कडेचे मऊ कठडे धोक्याचे ठरल्यामुळे अमेरिकेत २०२२च्या कायद्याने त्यांची विक्रीच बंद केली. आपल्याकडे ते अजून सेटमध्ये "फुकट" येतात. आले तर बाजूला काढून ठेवा.

गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. थंड पेयाचा साधा जाडा कॅन गजांमधून आरपार गेला तर पाळणा बाद. गादी आणि कठड्याच्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं गेली तरी बाद. बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ साली बंद झाले, तरी जुन्या बाजारात ते भेटतात. आजोबांच्या वेळचा शिसवी पाळणा माळ्यावरून काढला असेल तर हीच तपासणी करा, आणि तो रंगवलेला असेल तर शिशाचा मुद्दा पुन्हा वाचा. नापास झाला तर खेळण्यांसाठी वापरा, फार देखणा दिसतो.

वाशाला टांगलेला पाळणा वाईट नाही. बारशाला तो हवाच. फक्त हुक आणि साखळी कुणीतरी लोंबकळून तपासा, आणि बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की त्याच दिवशी तो उतरवा.

पाळण्यावर सोडलेला शोभेचा जाळीदार पडदा दिसतो छान, पण डास थोपवत नाही आणि बाळाच्या मुठीत येतो. आपल्याला डास खरोखर थोपवायचे आहेत. खिडकीला जाळीची चौकट बसवा. पाळण्याला लावायचीच तर सगळीकडून ताणलेली खरी मच्छरदाणी लावा. बंद खोलीत कॉइल नको. आणि पाळणा खिडकीखाली कधीच नको: झड आत येते, पडद्याची दोरी हाताशी येते, पुढे तीच खिडकी चढायची शिडी होते. जुन्या घरांतल्या खिडक्यांची बैठक तर मुद्दाम बसण्यासाठी बुटकी केलेली असते. तिथे गज हवेतच, आणि त्यांतलं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत.

जमिनीवरचा बिछाना

सध्या पुष्कळ आया जमिनीवर टेकलेला, घराच्या आकाराची चौकट असलेला बिछाना मागतात. कल्पना चांगली आहे, मूल आपणहून उतरतं-चढतं. पण तळमजल्याच्या लाद्यांवर टाकलेली गादी आपल्याकडे पावसाळ्याच्या एका महिन्यात खालून हिरवी होते. मुंग्या, गोम आणि कधी विंचू, हे पाहुणे तर सत्तरी-पेडण्याच्या वाड्यांवरच्या लोकांना सांगायला नकोत. चार-सहा इंच उंच, खाली फटी असलेल्या फळ्यांची चौकट करा. केरसुणी खालून फिरली पाहिजे आणि गादी आठवड्यातून एकदा उभी करता आली पाहिजे. मूल त्या उंचीवरूनही आपणहून उतरतंच.

फर्निचर आणि सुतार

"एमडीएफ स्वस्त पडेल" असं सुतार म्हणाला की त्याला चहा द्या आणि नाही म्हणा. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, पाणी लागलं की ती बिस्किटासारखी फुगते. प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा, आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला मागा, कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका. किनाऱ्याजवळ राहत असाल तर बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेसचे. खारा वारा साध्या लोखंडाला दोन पावसाळे देत नाही आणि गंजलेलं बिजागर मुलाच्या बोटांच्या उंचीवर असतं.

कपाट, पुस्तकांची मांडणी, खणांचं टेबल सगळं भिंतीला बांधून टाका. मूल खण ओढून त्यांची पायरी करतं आणि कपाट पुढे येतं. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत इथे एक मेख आहे. सुतार पटकन छिद्र पाडतो ते बऱ्याचदा दोन चिऱ्यांमधल्या मातीच्या सांध्यात, आणि तिथली गिट्टी ओढताच हातात येते. छिद्र चिऱ्यातच पडलं पाहिजे, बोल्ट लांब हवा. लावून झाल्यावर स्वतः जोरात ओढून बघा, सुतारासमोर.

दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल नको. आणि पंखा कुठे आहे ते आधी बघा. फ्लॅटमध्ये वरच्या पलंगावर बसलेल्या मुलाचा हात पात्यांपर्यंत पोचतो. अशा खोलीत भिंतीवरचा पंखा घ्या.

कपाटाच्या आतही एक चूक लपलेली असते: डांबरगोळ्या. बाळाच्या दुपट्यांत त्या ठेवू नका. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जीसिक्सपीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ही कमतरता आहे हे बहुतेकांना आधी माहीत नसतं. कापूरही पर्याय नाही, थोडासा गिळला तरी मुलाला फिट्स येऊ शकतात. कपडे उन्हात कडक वाळवून ठेवणं आणि कपाटाच्या दाराला वेताची जाळी लावणं पुरतं.

रंग, थीम वगैरे

इथे फार थांबत नाही, चूक झाली तरी कुणी आजारी पडत नाही. एकच सांगते. आपल्या खिडकीबाहेर माड आणि फणस असतात. पावसाळ्यात उजेड त्यांच्यातून गाळून हिरवट होऊन येतो. फोनमधला तो थंड राखाडी रंग या उजेडात आजारी दिसतो. किंचित पिवळसर पांढरा, फिकट गेरू, लोण्याचा रंग घ्या. रंगाचा नमुना ढगाळ दिवशी संध्याकाळी बघा. शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या असतील तर कृपा करून काच बसवू नका, तसा मऊ उजेड कुठल्याच पडद्यातून येत नाही.

कार्टूनची थीम भिंतीवर नको, चादरीवर ठेवा. चार वर्षांच्या मुलाचा आवडता नायक पुढच्या चवथीपर्यंत बदललेला असतो. पडदे जाड, रबरी अस्तराचे घेतले तर त्यांनाच बुरशी लागते. तांबड्या चौकड्यांचं कुणबी सुती कापड दुहेरी शिवून बघा, पुरेसा अंधार होतो आणि पंख्याखाली रात्रीत वाळतं. कुंकळ्ळीच्या चितारींचं लाखेचं काम मला फार आवडतं. एखादा पाट किंवा खेळणं खोलीला लगेच आपल्या घरचं करतं. दुकानातली खेळणी घेताना आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. बटण-सेलवर चालणारे शोभेचे दिवे मात्र मुलाच्या हाताला लागतील असे कुठेच नकोत.

आणि बुरशी आलीच असेल तर

मुलाला दुसऱ्या खोलीत हलवा. नाकाला मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. कोरड्या ब्रशने झाडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. टाइल, लाकूड, रंगवलेली भिंत साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा फिनाइल मिसळू नका, विषारी वायू होऊ शकतो. पाणी कुठून येतं ते सापडेपर्यंत वरून रंग फासू नका. मी तोही प्रकार एकदा करून बसले आहे आणि सहा आठवड्यांत ठिपके परत आले. कापडी खेळणी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. वास गेला नाही तर ती गेली. गादीच्या आत बुरशी शिरली असेल तर ती धुऊन, वाळवून, पावडर मारून काही होत नाही. डिचोलीच्या त्या घरातली गादी आम्ही फेकली, तिचे पैसे मी भरले, आणि नवी गादी फळ्यांच्या चौकटीवर ठेवली. ती भिंत मात्र आजींच्या सांगण्यावरून चुन्याची झाली.