सोळा वर्षांनंतर परत एकटं राहायचं असेल तर काय काय करायचं

मी ५२ वर्षांचा, पुण्यात राहतो, गे आहे. सोळा वर्षं मी आणि माझ्या जोडीदाराने एका घरात काढली आणि मागच्या दिवाळीच्या आधी तो सामान घेऊन गेला. सोसायटीत आम्ही रूम पार्टनर म्हणूनच माहीत, त्यामुळे वॉचमनने विचारलं, "साहेबांची बदली झाली का?" आणि मी हो म्हणालो. वर घरी आलो आणि तासभर चपला पण काढल्या नाहीत.

एखाद्याचा घटस्फोट झाला तर भाऊ-वहिनी धावत येतात, आपलं लग्नच कुठे लागलेलं नसतं (२०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मान्यता द्यायला नकार दिला), मग मोडलं काय हे लोकांना कळणार कसं. म्हणून सगळ्यात आधी एका माणसाला खरं सांगा. एकालाच, सगळ्या गावाला नाही. मी मावसबहिणीला फोन केला, मला वाटलं ती गप्प होईल, पण ती म्हणाली, "दादा, मग जेवतोस कुठे तू?" तेव्हा मी पहिल्यांदा रडलो. असं कोणीच नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मरायचे विचार येत असतील तर रात्र ढकलत बसू नका, लगेच लावा. काउन्सेलर शोधताना पहिल्याच फोनवर विचारा की गे माणसांबरोबर काम केलंय का, आणि कोणी "तुम्हाला बदलून देतो" म्हणालं तर सरळ उठून या, कारण डॉक्टरांनी असं करणं हे गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशननेच २०२२ मध्ये सांगितलंय.

संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ सगळ्यात वाईट. माझा हात भात लावताना दोन वाट्यांवरच जायचा, कितीही ठरवलं तरी, आणि मग उरलेला भात सकाळी बघून परत तेच. शेवटी दोन लिटरचा छोटा कुकर आणला आणि मोठा माळ्यावर टाकला. तुम्हीही अशा एकदोन वस्तू शोधा आणि बदला, पलंगाची बाजू बदला, त्या दोन तासांत घराबाहेर पडायचं एक ठरलेलं काम लावून घ्या, मी पोहायला जातो. रोज पेग घेऊन झोपायची सवय मात्र लावून घेऊ नका.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आपले संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक आपल्यातून गेला तो ६ सप्टेंबर २०१८ ला, तोवर आपलं अर्धं आयुष्य लपण्यात गेलेलं. आम्ही दोघं लपताना एकमेकांना इतके धरून राहिलो की मित्र, नातेवाईक, शेजारी सगळ्यांना हळूहळू दाराबाहेर ठेवलं. म्हणजे हा एकटेपणा सगळा तो गेल्यामुळे आलेला नाही, तो आधीपासून घरात होता, फक्त दोघांत वाटला जात होता. म्हणून लगेच दुसरा जोडीदार शोधायच्या आधी माणसं जोडा. आपल्यासारख्यांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था मुंबईत १९९४ पासून आहे, पुण्यात तसाच समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला, आणि २०११ पासून पुण्यात प्राइड म्हणजे आपल्या लोकांची मिरवणूकही निघते. तिथे पंचविशीतली पोरं बघून अवघडायला होतं, पहिल्या वेळी मी दहा मिनिटांत परत आलो, दुसऱ्या वेळी माझ्याच वयाचा एक जण भेटला, त्याचा जोडीदार वारलेला. आता दर शनिवारी आम्ही चहाला भेटतो, बस एवढंच.

डेटिंग अ‍ॅपवर रात्री एक वाजता जाऊ नका, तेव्हा माणूस कशालाही हो म्हणतो. भेटायचं तर आधी हॉटेलात, चहाला. कोणी तुमचे फोटो लोकांना दाखवायची धमकी देऊन पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, चॅट जपून ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. कंडोमशिवाय काही झालं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन पेपच्या (एचआयव्हीची लागण टाळायच्या) गोळ्या सुरू करा, जितक्या लवकर तितकं बरं. सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट होते.

कागदपत्रं टाळू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आपल्यालाही जॉइंट अकाउंट आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, पण ब्रेकअप झाला म्हणून नाव आपोआप निघत नाही, बँक, विमा, पीपीएफ, म्युच्युअल फंड प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, ज्याला काही देताय त्याला साक्षीदार करू नका. फोनमधला इमर्जन्सी नंबर पण बदला, माझ्या फोनमध्ये चार महिने त्याचाच होता.

आणि त्याने परत दिलेली घराची किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवू नका. माझी आता समोरच्या काकूंकडे असते, देताना त्यांना सांगितलं की आता मी एकटाच राहतो, सकाळी दहापर्यंत दूध दारातच दिसलं तर उघडून बघा.