घरच्या टाकीतील अ‍ॅपल स्नेलची निगा कशी राखावी

सांगली-मिरजेकडे शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळणारी, पिवळ्या किंवा निळसर शंखाची अ‍ॅपल स्नेल ही गोगलगाय मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. घरच्या टाकीत ती दगावते ती बहुधा उपासमारीने नव्हे, तर पाण्याच्या दोषाने. म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करावी.

एका गोगलगायीमागे साधारण १० लिटर पाणी धरावे. नळाचे पाणी क्लोरीन काढणारे थेंब घालून मगच टाकीत ओतावे आणि आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. पाणी आम्लधर्मी झाले की शंख झिजून त्यावर पांढुरके खड्डे पडतात, म्हणून सामू ७ ते ८ च्या दरम्यान राखावा. डाळ लवकर शिजत नाही म्हणून आपण ज्या जड पाण्याला नावे ठेवतो, तेच पाणी त्यातील कॅल्शियममुळे या प्राण्याला मानवते. पाणी हलके असल्यास समुद्रफेसाचा तुकडा टाकीत टाकावा.

सर्वांत मोठा धोका तांब्याचा आहे आणि आपल्या भागात तो अगदी हाताशी असतो. द्राक्षबागेवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांब्याचे क्षार असतात. त्या कामाची बादली कितीही घासून धुतली, तरी टाकीच्या पाण्यासाठी वापरू नये. तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणीही नको. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, त्यामुळे औषध देण्याआधी गोगलगायी दुसऱ्या भांड्यात हलवाव्यात.

या गोगलगायीला कल्ल्याबरोबर फुप्फुसही असते आणि ती आपली श्वासाची नळी पाण्याबाहेर काढून हवा घेते. त्यासाठी पाण्याची पातळी काठापासून चार बोटे खाली ठेवावी. मात्र वर झाकण हवेच, कारण ती रात्री चढून बाहेर पडते. पाण्याचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस असावे. वैशाखात टाकी खिडकीजवळ नसावी. काचेला चिकटलेली गोगलगाय ओढून काढू नये, हळूच बाजूला सरकवावी.

शेवाळावर तिचे भागत नाही. वाफवलेला दुधी, दोडका किंवा पालक द्यावा आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाकावे.

मादी पाण्याच्या पातळीच्या वर फिकट गुलाबी अंड्यांचा पुंजका घालते. पिल्ले नको असल्यास तो वेळीच खरवडून फ्रीजरमध्ये गोठवावा व मग कचऱ्यात टाकावा. कृष्णेत, ओढ्यात किंवा कालव्यात गोगलगाय वा अंडी कधीही सोडू नयेत. तिच्याच कुळातील एका जातीने आशियातील भातशेतीचे अतोनात नुकसान केले आहे.

एक-दोन दिवस हालचाल दिसली नाही, तरी घाईने ती मेली असे समजू नये. शंखाच्या तोंडावरचे झाकण घट्ट मिटलेले असेल, तर ती जिवंत असते. झाकण सैल लोंबत असेल आणि कुजका वास येत असेल, तर मात्र तिला लगेच बाहेर काढून निम्मे पाणी बदलावे.