ऑक्सिजन सेन्सरच्या वायरिंगला हात लावण्याआधी

स्कॅनर, मल्टिमीटर, २२चा पाना, टॉर्च. ठीक. गाडीचा वायरिंग डायग्रामही हवा, तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. आणि २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डरसकट, दोन लांब वायरी जोडून. बल्ब नसेल तर बोनेट उघडूच नका.

सेन्सर चारतारी आहे ना, बघा. पाच-सहा तारांच्या वाइडबँड या वेगळ्या जातीच्या सेन्सरला खालचे सिग्नलचे आकडे लागू नाहीत.

हीटरचं (सेन्सरला आतून तापवणाऱ्या तारेचं) माप गाडी पूर्ण थंड असताना घ्यायचं, कारण तापला की ओहम वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी गाडी थंड धरू नका, पहाटे मोजा. कपलर (तारांचा जोड) सोडवा, सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन तारा म्हणजे बहुधा हीटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, पण बहुतेक गाड्यांत २ ते १५ ओहमच्या आतच येतो. सर्किट उघडं दाखवलं तर हीटर तुटलाय, सेन्सर बदला.

ओहम बरोबर, तरी स्कॅनरवर पी०१३५ किंवा पी०१४१ (पुढच्या किंवा मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड) येतोच आहे? बल्ब काढा. चाबी ऑन करा, काही गाड्यांत इंजिन चालू लागतं. बल्बचं एक टोक हार्नेसकडच्या (गाडीच्या वायरिंगकडच्या) हीटरच्या सप्लाय पिनवर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. लख्ख पेटला पाहिजे. मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून ही पायरी गाळू नका. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा उरला असला तरी तो १२ दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, तिथे कुजकी तार उघडी पडते. मिणमिणला तर फ्यूजचे पाय, रिले, उंदरांनी कुरतडलेली किंवा सायलेन्सरला टेकून वितळलेली तार शोधा. नागपूरच्या सप्टेंबर २०२३च्या पुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी असेल तर आधी कपलरच्या पिना बघा, हिरवट थर चढलेला असतो. नवा सेन्सर आणण्याआधी बल्ब. सिग्नलच्या दोन तारांवर मात्र बल्ब अजिबात लावायचा नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाईल.

कपलरमध्ये स्प्रे नको, ग्रीस नको. बरेच सेन्सर तारांच्या आतून बाहेरची हवा घेतात, ती वाट बुजली की सिग्नल चुकतो. म्हणूनच तार सोल्डर करायची नाही, क्रिंप करायची (दाबून जोडायची).

सिग्नल: इंजिन तापल्यावर पुढच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या) सेन्सरचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवा. मागचा बराच स्थिर, तो दोष नाही.

सेन्सर बसवताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला नाही. तार सायलेन्सरपासून लांब बांधा. कोड पुसा, गाडी चालवा, पुन्हा स्कॅन करा.