चेक इंजिनचा दिवा विझतच नाही? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

स्कॅनरवर कोड येतो पी ०१७१, मेकॅनिक म्हणतो, “सेन्सर गेलाय साहेब, बदलून टाकू.” नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, आणि आठवडा संपायच्या आत पिवळा दिवा पुन्हा हजर. पी ०१७१चा अर्थ इतकाच की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही तक्रार पोचवणारा, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बहुतेक वेळा धडधाकट असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसला हा प्रकार.

दिवा नुसता लागून राहिला असेल तर सावकाश तपासायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो, आणि त्याच्यापुढे सेन्सरची किंमत काहीच नाही. गाडी बाजूला घ्या.

बॅटरीची तार काढून दिवा घालवणं

दिवा जातो, पण सोबत कोड जातो आणि बिघाड झाला त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेमही जाते. इंजिन गार होतं की गरम, वेग किती, आरपीएम किती, हे सगळं त्यात असतं. आधी स्कॅन करा, मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर या कामाला पुरतो.

कोड वाचून थांबणं

खरी गंमत लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांत आहे, आणि नेमकं तेच बघायला गॅरेजमध्ये कुणाला वेळ नसतो. फ्युएल ट्रिम बघा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. अधिक-उणे १०च्या आत असेल तर फारशी काळजी नको.

समजा, गरम इंजिनला आयडलिंगवर ट्रिम +२० आहे आणि २५०० आरपीएमला ती +५वर उतरते. मग थ्रॉटलच्या पुढे कुठून तरी चोरटी हवा शिरतेय: तडकलेला व्हॅक्यूम होस, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप. उलट आयडलिंगला ठीक आणि रेस वाढवली की ट्रिम चढत असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा आत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळलाय का ते बघा. हा हिशेब मॅफ सेन्सरवाल्या गाड्यांचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे अशी गळती ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलिंगमध्ये जास्त दिसते.

आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे ईसीयूला थोडं जास्त इंधन सोडावं लागतं, त्यामुळे जुन्या गाडीची ट्रिम जराशी अधिककडे झुकली तर लगेच घाबरू नका. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा. कोड आला नाही, तर किटचं ट्यूनिंग करून घ्या, सेन्सरला हात लावू नका.

वायरिंग न बघता सेन्सर मागवणं

पी ०१३५ म्हणजे सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापला तरच काम करतो, म्हणून त्यात हीटर असतो. आधी फ्यूज बघा. मग बॉनेट उघडून तारा हाताने चाचपा. पावसाळ्यात उंदीर उबेला इंजिनापाशी येतात आणि तारा कुरतडतात. कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवट गंज असेल तरी हाच कोड येतो.

सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या आधी भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही खोटं वाचन देतो. सकाळी गार इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो का, ऐका.

सेन्सर खरंच गेला असेल तर

पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, जुन्या पद्धतीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होतो. एकाच आकड्यावर चिकटला किंवा सुस्तावला, तर शंका घ्या. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र जवळपास स्थिरच असायला हवा. त्याला ‘अडकलाय’ म्हणून काढू नका. नव्या गाड्यांतल्या वाइडबँड सेन्सरला हे व्होल्टचं माप लागू नाही.

तारा जोडून बसवायचे स्वस्त युनिव्हर्सल सेन्सर टाळलेले बरे. अनेक सेन्सर संदर्भासाठी लागणारी हवा तारांमधूनच घेतात, त्यामुळे तिथे सोल्डरिंग करणं अंगाशी येतं. गाडीच्याच कनेक्टरचा घ्या. टोकाला ग्रीस नको, आणि जवळपास सिलिकॉन सीलंट तर नकोच, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला की दोनच मतं ऐकू येतात: मागचा सेन्सर बदला, नाहीतर कन्व्हर्टर बदला. त्याआधी मिसफायर, तेल जाळणारं इंजिन आणि पाइपची गळती, तिन्ही तपासा. यातलं एकही राहिलं तर नव्या कन्व्हर्टरचे पैसेही वाया जातील.

दुरुस्तीनंतर कोड पुसायची घाई नको. बिघाड गेला असेल तर साधारण तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलनंतर (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याची एक पूर्ण फेरी म्हणजे एक सायकल) ईसीयू स्वतःच दिवा विझवतो. गल्लीतल्या फेऱ्यांनी मात्र हे होत नाही. इंजिन पूर्ण तापेल, थोडा वेळ एकसारख्या वेगाने जाईल, अशी एखादी हायवेची फेरी मारा.