मुलांच्या हाताला सेवेचे वळण कसे लावावे

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी मला दिवस उजाडायच्या आत उठवत असे आणि पहिले काम सांगत असे ते घराबाहेरच्या लिंबाखालचा रांजण भरण्याचे. आदल्या दिवशीचे उरलेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतायचे, आत हात घालून नारळाच्या काथ्याने रांजण घासायचा, चार घागरी पाणी फडक्यातून गाळून भरायचे आणि झाकणावर लांब दांड्याचे ओगराळे ठेवायचे, एवढे झाल्याशिवाय चहा मिळत नसे. एकदा वाटेने जाणाऱ्या एका मेंढपाळाने ओगराळ्यालाच तोंड लावले, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. आजी मला रागावली नाही. तिने माझ्याच हातून ते ओगराळे धुऊन घेतले, मला पुन्हा भरून त्याला द्यायला लावले आणि तो गेल्यावर म्हणाली, "रांजण आपला हाय, पाणी तहानलेल्याचं हाय."

पुढे गेली तीस वर्षे मी जे काही थोडेफार स्वयंसेवेचे काम करीत आलो, त्याचे मूळ मला त्या रांजणात दिसते. म्हणूनच मुलांमध्ये सेवाभाव कसा रुजवावा असे एखाद्या पालकाने विचारले, तर मी सांगतो की उपदेश कमी करावा आणि मुलाच्या हातात एक काम द्यावे.

हे काम रोजचे असावे आणि ते चुकले तर खरोखरच कोणाचे तरी अडावे. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पाखरांच्या पाण्याचे मातीचे उथळ परळ पुरेसे आहे. ते सावलीत ठेवावे, रोज घासावे आणि रोज नव्याने भरावे. आठ-दहा वर्षांचे मूल शेजारच्या एकट्या आजोबांचे दळण गिरणीतून आणू शकते. मूल विसरले तर ते काम आपण गुपचूप उरकून टाकू नये. त्याला सोबत नेऊन कोरडे परळ दाखवावे आणि त्याच्याकडूनच भरून घ्यावे. कौतुक अवश्य करावे, पण पैसे किंवा खाऊ देऊ नये, कारण बक्षीस थांबले की कामही थांबते. मदत घेणाऱ्या माणसाचा फोटो काढून नातेवाइकांच्या गटात पाठवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्या माणसाचा संकोच मुलाच्या नजरेला पडतो आणि आपण त्याकडे दुर्लक्ष केले, हेही पडते.

गोष्टी सांगाव्यात, पण काम चालू असताना. पैठणच्या एकनाथ महाराजांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत असते. मूल परळ भरत असताना ती सांगावी आणि मध्येच थांबून विचारावे की एवढ्या लांबून खांद्यावर आणलेले पाणी तू दिले असतेस का. "नसते दिले" असे उत्तर आले तरी ते ऐकून घ्यावे, कारण देण्याची किंमत त्याला कळू लागल्याची ती खूण आहे.

देणे म्हणजे अडगळ काढणे नव्हे, हा धडा मी उशिरा शिकलो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे मातीखाली गेली. तेव्हा मी महाविद्यालयात होतो. आम्ही घरोघरी फिरून कपडे गोळा केले आणि ट्रकमधून नेले. तिथे गाठोडी सोडली, तर त्यांतून जरीचे फाटके परकर, लग्नातला एक कोट आणि जोडीविना चपला निघाल्या. एका वृद्ध बाईंनी तो ढीग शांतपणे पाहिला आणि पातेले व कंदील आहे का, एवढेच विचारले. आमच्याकडे दोन्ही नव्हते. तेव्हापासून मी आधी विचारतो आणि मग नेतो, आणि मुलांनाही हाच क्रम शिकवावा असे मला मनापासून वाटते.

मराठवाड्यातल्या मुलांना हे शिकण्यासाठी लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबे मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात व त्यांची शाळा तुटते, तर काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. आपल्या मुलाच्या वर्गातले असे मूल कोण, हे आपले मूल आपल्यापेक्षा आधी सांगेल. मित्र फडावर जाणार असेल तर त्या काळात शिकवलेल्या धड्यांची यादी ठेवण्याचे काम आपल्या मुलाला द्यावे आणि तो परतल्यावर दोघांना रोज तासभर एकत्र बसवावे. मागे राहिलेल्या मुलाला संध्याकाळी आपल्याच घरी अभ्यासाला बोलवावे, आणि जेवायची वेळ झाली तर एकाच पंगतीला बसवावे; उरलेले बांधून देऊ नये. त्या मुलाला धाकट्या भावंडाला सांभाळणे आणि चूल पेटवणे यांसारखी जी कामे येतात, ती आपल्या मुलाने त्याच्याकडून शिकावीत. शेतातल्या इर्जिकीत, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून काम करण्याच्या रीतीत, कोणी दाता नसतो. आज माझे रान, उद्या तुझे. मुलांमधली मदतही अशी दोन्हीकडून चालली, तर तिच्यात उपकाराची भावना शिरत नाही.

महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालावे. 1969 साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. प्रमाणपत्राच्या गुणांपुरती नोंद करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, पण शिबिरातल्या गावाशी पुढेही संबंध ठेवणारेही पाहिले आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाली, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल, तर रक्तदान करता येते. पुरुषांनी दोन वेळांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे.

नोकरी-संसारात पडल्यावर लहानपणीची सवय सुटते ती बहुधा इच्छा संपल्यामुळे नव्हे, तर वार ठरलेला नसल्यामुळे. म्हणून आठवड्यातला एकच वार आणि दोनच तास घरच्यांशी बोलून ठरवावेत. ज्या संस्थेत काम करायचे, तिला आपण काय शिकवू इच्छितो हे सांगण्याआधी पहिले तीन महिने ती देईल ते काम करावे, मग ते वह्यांवर कव्हर घालण्याचे का असेना. मुलांसोबत काम असेल तर संस्थेची रीतसर परवानगी घ्यावी, वर्ग उघड्या जागेत भरवावा आणि दुसरी प्रौढ व्यक्ती सोबत ठेवावी. आपल्या मुलालाही अधूनमधून न्यावे, पण पाहुणा म्हणून नव्हे. सतरंजी घालणे आणि उचलणे हे काम त्याचे असावे.

ज्या दिवशी जाणे जमणार नसेल, त्या दिवशी आधी निरोप द्यावा. पाच वाजता येतो असे आपण सांगितलेले असते, आणि आजीपाशी राहिलेली ती मुलगी साडेचारपासूनच दप्तर मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली असते.