विदर्भाच्या उन्हाळ्यात परसातील कोंबड्या: या चुका टाळा

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की गावोगावी कोंबड्या दगावू लागतात आणि दोष सरसकट उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात मेलेली कोंबडी उन्हात क्वचितच सापडते. ती बहुधा सावलीत, खुराड्याच्या कोपऱ्यात, कधीकधी पाण्याच्या भांड्याजवळच पडलेली असते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच 41 ते 42 अंश असते आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे तिच्याकडे दोनच मार्ग आहेत: तुरा, गळ्याखालची लाल कातडी आणि पाय यांना लागणारी वाहती हवा, आणि चोच उघडून टाकलेली धाप. भोवतालची हवाच तिच्या अंगापेक्षा गरम झाली की पहिला मार्ग बंद होतो आणि सारी भिस्त धापेवर येते. आपण काळजीपोटी जे जे करतो, त्यातील बरेचसे नेमके हेच मार्ग अडवणारे असते.

बंदिस्त खुराडे

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. मांजर, मुंगूस आणि सापाच्या धाकाने खुराड्याची प्रत्येक फट विटा, पोती किंवा पत्र्याच्या तुकड्याने बुजवली जाते आणि दिवस मावळताच सर्व कोंबड्या आत कोंडल्या जातात. दिवसभर तापलेल्या मातीच्या आणि विटांच्या भिंती त्याच वेळी आत उष्णता सोडत असतात. राजस्थानच्या वाळवंटात रात्री वाळू लवकर निवते, त्यामुळे पक्ष्यांना काही तास उसंत मिळते. आपल्याकडे मेच्या अखेरीस मध्यरात्रीही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. म्हणूनच वाळवंटासाठी दिलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दुपारी तग धरलेली कोंबडी सकाळी खुराड्यात मेलेली आढळली, तर रोगाची शंका घेण्याआधी भिंतींना झरोके किती आहेत ते पाहावे. समोरासमोरच्या दोन बाजूंना बारीक जाळी ठोकली की शिकारी प्राणीही अडतात आणि हवाही खेळते. कोंबड्या अंधार पडल्यानंतर तासाभराने आत घेतल्या तरी चालते, मात्र त्या वेळी कोणीतरी अंगणात असले पाहिजे.

छपराबाबतची चूक म्हणजे बुटके, उघडे टिन. कोंबडीच्या पाठीपासून हातभर अंतरावर तापलेले टिन असेल, तर त्या सावलीला अर्थ उरत नाही. टिनावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा जाड थर, पूर्व विदर्भात धानाचे तणस, आणि टिनाला वरून चुन्याचा हात, एवढ्याने आतल्या तापमानात जाणवण्याइतका फरक पडतो. आगीचा धोका लक्षात घेऊन चूल आणि विजेच्या उघड्या तारा यांपासून ते दूर असावे. नवे शेड बांधणार असाल, तर त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड बाजूंवर येते. बांधलेले शेड फिरवता येत नाही; तेथे पश्चिमेच्या बाजूला शेवग्याची रांग लावणे हाच उपाय, आणि त्याला एक-दोन वर्षे लागतात.

ओली पोती कधी आणि कधी नाही

ओले गोणपाट लावण्याची रीत चांगली आहे, पण ती चारही बाजूंना लावणे चुकीचे आहे. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूलाच ओले पोते असावे आणि समोरची बाजू मोकळी राहावी, नाहीतर आत वाफ कोंडते. त्याहून मोठी चूक ऋतूची आहे. एप्रिल-मे महिन्यांतील आपली हवा कोरडी असते. पाणी झपाट्याने उडते आणि हवा थंड करते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, संपत आला, आभाळ भरून येऊ लागले आणि अंगाला चिकचिक सुटली की हाच उपाय उलटतो, कारण दमट हवेत पोत्यातील पाणीही उडत नाही आणि कोंबडीच्या धापेतील ओलावाही उडत नाही. पारा 45 वरून 39 वर आला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मृगाच्या तोंडावर कोंबड्या मरू लागतात. त्या दिवसांत पोती काढून टाकावीत, पाणी शिंपडणे थांबवावे आणि साधा टेबल पंखा कोंबड्यांच्या उंचीवर लावून हवा हलती ठेवावी.

पाणी, औषध आणि लस

साधारण हवामानात कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. कडक उन्हाळ्यात हे प्रमाण चौपटीच्या वर जाऊ शकते. पाणी ठेवलेले असते, पण ते गरम असते, ही नेहमीची चूक आहे. छतावरील काळ्या टाकीतून किंवा उन्हात पडलेल्या पाइपमधून दुपारी येणारे पाणी कोंबडी चोच लावून सोडून देते. माठातील पाणी मातीच्या पसरट भांड्यांत, झाडाच्या दाट सावलीत, निदान तीन-चार जागी ठेवावे. एकच भांडे असेल, तर दांडगी कोंबडी बाकीच्यांना तेथे फिरकू देत नाही.

एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाण्यातून द्यायच्या औषधाचे प्रमाण लिटरमागे सांगितलेले असते आणि ते नेहमीच्या पिण्यावर आधारलेले असते. कोंबडी दुप्पट पाणी प्यायली की औषधही दुप्पट पोटात जाते. उन्हाळ्यात पशुवैद्यकांकडून पक्ष्यांच्या संख्येनुसार आणि वजनानुसार दिवसभराची मात्रा विचारून घ्यावी आणि तेवढीच सकाळच्या पहिल्या पाण्यातून द्यावी.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस घरी आणताना बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी, पहाटे टोचावी आणि मिसळलेली लस तासाभरात संपवावी. दुपारी कोंबड्या पकडून लस दिली, तर पकडापकडीच्या धावपळीनेच काही पक्षी कोसळतात, आणि तापलेली लस लागू पडत नाही ती वेगळीच.

दुपारचे खाद्य

खाद्य पचताना अंगात उष्णता निर्माण होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी दहा-अकराला पोटभर ज्वारी किंवा कण्या टाकल्या, तर पचनाची उष्णता आणि दुपारचा कहर एकाच वेळी येतात. म्हणून पहाटे उजाडताच एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा खाद्य द्यावे. मधल्या वेळी फार तर टरबुजाच्या साली किंवा काकडी पुरे. जनावरांसाठी आणलेली सरकीची ढेप कोंबड्यांपुढे टाकण्याची सवय काही घरांत आहे. तिच्यातील गॉसिपॉल या सरकीतल्या विषारी द्रव्यामुळे अंड्याचा बलक हिरवट पडतो, ती टाळलेली बरी.

या दिवसांत अंड्याचे कवच पातळ होते, ते केवळ खाद्य कमी पडल्याने नव्हे. सततच्या धापेमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा चुनखडीचा अंश पुरेसा तयार होत नाही. कवच प्रामुख्याने रात्री बनते, त्यामुळे शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची बारीक खडी संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवावी.

कोसळलेली कोंबडी

पंख अंगापासून सुटलेले, मान पुढे ताणलेली, चोच सतत उघडी आणि गळ्याची कातडी भराभर हलणारी कोंबडी अजून वाचू शकते. धापा थांबून ती मुकाट्याने जमिनीला टेकली, तर वेळ थोडाच उरलेला असतो. तिला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्या धक्क्यानेच ती जाऊ शकते. सावलीत आणून पाय, तुरा आणि पंखांखालची बाजू माठाच्या पाण्याने ओली करावी, पंख्यासमोर ठेवावे आणि मान धरता येऊ लागल्यावरच पाणी पाजावे. चोच जबरदस्तीने उघडून ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

उष्माघात की मानमोडी, हा गोंधळ नेहमी होतो. उष्माघाताने बहुधा वजनदार, अंड्यावरची, पोटभर खाल्लेली कोंबडी आधी जाते, आणि मरतुकीचा जोर दुपारी तीन-चारपासून दिवेलागणीपर्यंत असतो. नुसती पातळ विष्ठा ही जास्त पाणी प्यायल्याची खूण असते. विष्ठा हिरवी असेल, मान वाकडी होत असेल आणि थंड वेळीही पक्षी मरत असतील, तर खुराडे धुंडाळत न बसता लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा आणि मेलेले पक्षी खोल पुरावेत.

खुडूक कोंबडी आणि बाजार

फलित अंड्यातील गर्भाची वाढ सुमारे 21 अंशांच्या वर सुरू होते. मे महिन्यातील घर तर त्याहून कितीतरी गरम असते. आठवडाभर टोपलीत साठवलेली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून पिल्ले निघाली नाहीत, तर त्यात कोंबडीचा दोष नसतो. माझ्या मते मे महिन्यात कोंबडी उबवणीला बसवूच नये. बसवायचीच असेल, तर दोन-तीन दिवसांची, माठाशेजारी ठेवलेली अंडी घ्यावीत आणि टोपलीत किंचित ओलसर वाळूवर तणस अंथरून ती घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी.

आठवडी बाजारात कोंबड्या न्यायच्या असतील, तर दुपारी मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलट्या टांगण्याची रीत सोडावी. उलट्या टांगलेल्या पक्ष्याला नीट धाप टाकता येत नाही. विणीला मोकळ्या फटी असलेल्या टोपल्यात, नेहमीपेक्षा कमी पक्षी भरून, रिकाम्या पोटी पण पाणी पाजून, उजाडण्यापूर्वी निघावे. बाजारात टोपले डांबरावर न ठेवता निंबाखालच्या मातीवर ठेवावे.