स्टीपलचेसमध्ये उतरणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी या चुका टाळा

साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचल्या, हे अनेकांना आठवते. पण त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या सलग तीनदा पहिल्या आल्या होत्या, हे नव्या मुलींना क्वचितच सांगितले जाते. मुलगी चपळ दिसली की तिला लगेच अडथळ्यांवर उतरवणे, ही पहिली चूक आहे. लांब पल्ल्याचा पाया कच्चा असेल, तर घोटून घेतलेले तंत्र शेवटच्या दोन फेऱ्यांत मोडते. अठरा वर्षांखालील मुलींची शर्यत २००० मीटरची असते; त्यांना ३००० मीटरसाठी घाई करू नये.

३००० मीटरच्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या (अडथळा आणि त्यापुढे पाण्याचा खड्डा) असतात. महिलांचा अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच आणि इतका जड असतो, की पाय लागला तर तो नव्हे, धावपटूच पडते. अडथळ्यापाशी पावले अडखळत असतील, तर बहुधा मुलगी एकाच पायाने उडी घेण्यावर अवलंबून असते आणि थकव्याने पाऊल आखूड झाले की तिचा अंदाज चुकतो. म्हणून कधी डाव्या, कधी उजव्या अशा दोन्ही पायांनी उडी घेण्याचा सराव हवा, आणि त्यातला काही भाग मुद्दाम दमलेल्या पायांनी, शर्यतीच्या वेगात करावा. पाण्यावरून जाताना खाली पाहणे, वर उंच उसळणे आणि दोन्ही पायांवर एकदम उतरणे यांमुळे वेग तुटतो. अडथळ्यावर एक पाय ठेवून पुढच्या दिशेने रेटा द्यावा, एका पायावर उथळ पाण्यात उतरावे आणि दुसरे पाऊल थेट ट्रॅकवर टाकावे. सुरुवातीला लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यापुढे अडथळा ठेवून हे शिकवता येते. पाणी न भरलेल्या, कठीण खड्ड्यात मात्र उड्या मारू नयेत.

मैदानाची पाहणी टाळणे ही छोटी चूक वाटते. २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत केनियाच्या बिट्रिस चेपकोएच पाण्याच्या उडीकडे न वळता सरळ पुढे गेल्या, त्यांना मागे फिरावे लागले आणि त्या चौथ्या आल्या. पुढच्याच वर्षी मोनॅकोमध्ये त्यांनी ८ मिनिटे ४४.३२ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

मला सर्वांत काळजी वाटते ती वेगळ्याच चुकीची. सराव वाढला आणि पाळी थांबली, तर ती चांगल्या तयारीची खूण आहे असा समज अजूनही मैदानांवर ऐकू येतो, आणि मुली संकोचापोटी पुरुष प्रशिक्षकांशी याविषयी बोलत नाहीत. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला की शरीर संप्रेरकांची (हार्मोन्सची) निर्मिती कमी करते, हाडे ठिसूळ होतात आणि अडथळ्यांवरून वारंवार उतरण्याचा भार नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा देतो. सलग तीन महिने पाळी चुकली, किंवा नडगीवर एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखू लागले, तर पट्टी बांधून धावू नये, डॉक्टरांना दाखवावे. कारण नसताना दम लागत असेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनचीही (लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करावी, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि त्यांच्यासोबत चहा घेऊ नये.